आईचे दोन वाटे

कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात सरांनी प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर गोणपाट अंथरलं आणि सकाळी बाजारातून आणलेल्या बादलीभर ताज्या शिंपल्या त्यावर ओतल्या. "नावं विसरा. एकसारख्या दिसतील त्या एकत्र लावा," एवढंच सांगून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आम्ही चार-चारजणांचे गट केले. अर्ध्या तासाने कुठे तीन ढीग झाले होते, कुठे सात, एका गटाचे तर अकरा. सरांनी प्रत्येक गटाला विचारलं, कशावरून लावल्या? कुणी रंग सांगितला, कुणी आकार, कुणी पाठीवरच्या रेषा.

"सगळे बरोबर आहेत," सर म्हणाले. "शिंपल्या निसर्गाच्या, ढीग तुमचे. हे वर्षभर लक्षात ठेवा."

आमच्या गटात तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या त्या लहान खाण्याच्या शिंपल्या, मी लावल्या होत्या, आणि त्यांचे दोन ढीग केले होते. बाकीच्या मुली म्हणत होत्या, या सगळ्या एकच तर आहेत. सर माझ्यापाशी थांबले.

"या दोन कशावरून?"

"माहीत नाही सर. आई अशा लावते."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही ढिगांतली एकेक तिसरी उचलली, उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. "मला फरक दिसत नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या आईला भेटायला आवडेल."

माझी आई खाडीत तिसऱ्या काढायची आणि बाजारात विकायची. आमच्याकडे तिसऱ्या वजनावर विकत नाहीत, वाटे लावतात. बाकीच्या बायका एकाच प्रकारचे वाटे लावायच्या. आईसमोर कायम दोन प्रकारचे असायचे. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यात मिळणाऱ्या त्या रेवेच्या, आणि आत, खारफुटीच्या बाजूला मिळणाऱ्या त्या चिखलाच्या. जागेवरून नावं पडली होती, पण आई जागा बघून वेगळ्या करत नसे. दोन्हीकडच्या एका पाटीत मिसळून आल्या तरी तिचा हात त्या सोडवत जायचा. बोलता बोलता, गिऱ्हाइकाकडे बघत बघत. रेवेच्या सुक्याला, चिखलाच्या आमटीला, असं ती सांगायची, आणि जाणती माणसं तसंच मागून न्यायची.

सर खरंच आले. एका रविवारी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते आमच्याबरोबर दांड्यावर उतरले. ते देवगडकडच्या एका बंदरातल्या मुसलमान घरातले; वडिलांचा मचवा होता, त्यामुळे खाडीचं त्यांना नवल नव्हतं. आईशी ते आमच्याच बोलीत बोलले आणि ती पाच मिनिटांत मोकळी झाली.

"कशावरून ओळखतास गो?" त्यांनी विचारलं.

"हातात घेतलंय की कळता. रेवेची घट मिटता. चिखलाची जरा आळशी. आणि जड लागता."

सरांनी शंभर तिसऱ्या घेतल्या, शिंपीवर बारीक पेन्सिलने आकडे घातले आणि आईला दोनदा वेगळ्या करायला दिल्या, मधे सगळ्या पुन्हा मिसळून. दोन्ही वेळचे वाटे जवळजवळ सारखे निघाले. मला इतका आनंद झाला की मी सरांकडे बघत राहिले. ते वहीत लिहीत होते.

"यावरून एवढंच कळलं की तुझ्या आईचा हात पक्का आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या दोन प्रकारच्या आहेत हे अजून कळलेलं नाही."

त्यातल्या काही त्यांनी अल्कोहोलच्या बरणीत ठेवल्या. बाकीच्या उकडून, साफ करून आठवड्याने रिकाम्या शिंपल्या आईसमोर मांडल्या. त्या मात्र तिला वेगळ्या करता आल्या नाहीत. दोन-चार हातांत घेऊन तिने खाली ठेवल्या. "मेलेल्याचा काय सांगतलंय मी?" ती म्हणाली. ते वाक्य सरांनी वहीत लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही.

पुढे एम.एस्सी. करून मी सरांकडेच संशोधनाला लागले. विषय तोच, आमच्या खाडीतल्या तिसऱ्या. व्हर्निअर घेऊन मी शेकडो रिकाम्या शिंपल्यांची लांबी, रुंदी, उंची आणि जाडी मोजली. त्या आकड्यांचे ठिपके आलेखावर मांडले, तेव्हा दोन पुंजके दिसतील अशी माझी फार इच्छा होती. एकच पुंजका पडला, मध्ये दाट आणि कडेला विरळ. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

त्या वर्षांत सरांशी माझं रोज या एकाच गोष्टीवर बोलणं चालायचं. प्रजाती निसर्गात असतात की आपल्या डोक्यात? मी म्हणायची, सर, बांगडा बांगडाच असतो, आपण बघो न बघो. ते म्हणायचे, समुद्रात हा मासा आणि तो मासा असतो. 'बांगडा' नावाची वस्तू अजून कुणाच्या जाळ्यात आलेली नाही. आपण बघतो, मोजतो, आणि सोयीसाठी नाव ठेवतो. नावाला जास्त मान देऊ नये. पुस्तकात 'जात' छापलेलं असलं तरी तो शब्द ते तोंडाने उच्चारत नसत, 'प्रजाती'च म्हणत. मी एकदा कारण विचारलं, तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, नोकरी लागल्यावर एका गावात खोली शोधत होतो. घरमालकांनी खोली दाखवली, चहा दिला, मग नाव विचारलं. चहा अर्धाच राहिला. "त्या गृहस्थांनी बरणीवरची चिठ्ठी वाचली," सर म्हणाले, "आणि आत बघायचं राहून गेलं." त्यानंतर कितीतरी वर्षं मी तो शब्द त्यांच्यासमोर वापरला नाही.

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणातलं वाक्य त्यांनी माझ्याकडून चार वेळा लिहून घेतलं. प्रत्येक वेळी मी जे लिहायची त्यातला काही भाग ते खोडायचे. शेवटी उरलं ते असं: 'घेतलेल्या मापांच्या आधारे या दोन गटांत भेद करता येत नाही.'

घरी मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "म्हणजे एकच?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी बाजारात तिच्यासमोर दोन प्रकारचे वाटे होतेच.

मला कॉलेजात नोकरी लागली, सर निवृत्त होऊन जामसंड्याला राहायला गेले. काही वर्षांनी खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा काढायची गोष्ट निघाली. सुकतीत होड्यांना आत येता येत नव्हतं, आणि दोन होड्या तिथेच उलटल्या होत्या. एकीत माझा चुलतभाऊ होता, तो पोहत आला म्हणून वाचला. पुरुषांना दांडा नको होता, त्यांचं चुकत नव्हतं. बायकांना तो हवा होता, कारण रेवेच्या तिसऱ्या फक्त तिथेच होत. ओरोसला जिल्ह्याच्या कार्यालयात बैठक लागली. बायकांतर्फे आई आणि आणखी तिघीजणी गेल्या. विषयाची जाणकार म्हणून मला कार्यालयाचं पत्र आलं, आणि मी आईबरोबर एकाच एसटीने गेले.

बैठकीत आईने ऑफिसातली मराठी बोलायचा प्रयत्न केला. "साहेब, त्या रेवेतच होतात. चिखलातल्या आणून रेवेत टाकल्या तर मरतात. त्या वेगळ्या आहेत." एरवी बाजारात कुणाला न ऐकणारी माझी आई प्रत्येक शब्द चाचपडत बोलत होती.

साहेब सभ्य होते. त्यांनी तिचं पूर्ण ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचा यावर अभ्यास आहे. वेगळी जात आहे का ही?"

"नाही," मी म्हटलं. "एकच जात आहे."

"म्हणजे आत मिळतात त्याच?"

"त्याच."

त्यांनी लिहून घेतलं. मग तोडगा निघाला: दांडा काढायचा, आणि बायकांसाठी आतल्या तिसऱ्यांचं बी, म्हणजे अगदी लहान पिल्लं, आणून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रेवेत सोडायचं. जात एकच, तेव्हा अडचण नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. त्या क्षणी मला आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटलं होतं. आई समोर असूनही मी शास्त्राशी इमान राखलं, असं.

परतताना कसालला गाडी बदलायची होती. बाकीच्या तिघी बाजारात काही घ्यायला गेल्या. आम्ही दोघी चहाच्या दुकानातल्या बाकावर बसलो. आई चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती बशीत चहा ओतून गार करत होती.

"रागावलंस?" मी विचारलं.

"नाय. तू शिकलंस, तुका ठावक. पण त्येंनी तुका इचारल्यानी, तेवा तू माझ्याकडे एकदाय बघलंस नाय."

मालवणची गाडी लागली आणि आम्ही उठलो.

दांडा निघाला. होड्या सुखरूप आत येऊ लागल्या, आणि त्यानंतर तिथे कुणी बुडालं नाही. हेही लिहायला हवं. ठरल्याप्रमाणे आतलं बी आणून पलीकडे सोडण्यात आलं. पाट्या भरभरून बायकांनीच ते वाहिलं. आईचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, तरी ती गेली. दोन महिन्यांनी मी तिकडे उतरले, तर किनाऱ्यावर नखाएवढ्या शिंपल्यांचा सडा पडला होता, सगळ्या उघड्या, आत वाळू. दुसऱ्या वर्षी पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. मग कुणी सोडलं नाही. बायका दुसऱ्या कामांना लागल्या, काही जेटीवर मासळी निवडायला, काही पर्यटकांच्या खोल्या साफ करायला. आई चिखलाच्या तिसऱ्या आणायची, पण तिच्यासमोर आता एकाच प्रकारचे वाटे असत. बाजारातून जाताना मी त्या बाजूला बघायचं टाळू लागले.

माझा एक जुना विद्यार्थी बाहेरगावच्या, डीएनए तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करतो. सरांनी अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या त्या बरणीतले नमुने, आईच्या वाट्यांच्या यादीसह, मी त्याला पाठवले. त्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते.

"मॅडम, गट दोन पडतात. आईंनी वेगळ्या केल्या होत्या, जवळजवळ तशाच. थोड्या मधल्या आहेत, त्या कुठेच नीट बसत नाहीत."

"म्हणजे दोन प्रजाती?"

"ते मी तुम्हालाच विचारणार होतो. फरक फार मोठा नाही. दोन प्रजाती म्हटलं तरी चालेल, एका प्रजातीचे दोन गट म्हटलं तरी चालेल. रेघ कुठे मारायची ते आकडे सांगत नाहीत."

त्याच आठवड्यात मी जामसंड्याला गेले. सर पडवीत खुर्चीवर बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, वाचायला अजून बंदी होती. मी सगळं सांगितलं: बैठक, बी, उघड्या शिंपल्या, फोन. बैठकीतलं त्यांना काहीच माहीत नव्हतं, कारण इतकी वर्षं मी ते सांगितलंच नव्हतं.

"प्रबंध आणलायस?"

मी पिशवीतून काढला.

"शेवटच्या प्रकरणातलं वाक्य वाच. मोठ्याने."

मी वाचलं. 'घेतलेल्या मापांच्या आधारे या दोन गटांत भेद करता येत नाही.'

"आणि ओरोसला काय म्हणालीस?"

"एकच जात आहे."

सरांनी प्रबंध माझ्या हातातून घेऊन मिटला. आत त्यांच्या बायको भांडी लावत होत्या, त्याचा आवाज येत राहिला. "ही दोन वाक्यं एक नाहीत," ते म्हणाले. "पहिलं आपल्याबद्दल आहे. आपण काय मोजलं, आपल्याला काय दिसलं नाही. दुसरं खाडीबद्दल आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर तू कधी उडी मारलीस?"

मी म्हटलं, "सर, मग त्या खरंच दोन आहेत का?"

"मला माहीत नाही. 'खरंच' हा शब्द मी आयुष्यभर टाळला." मग खुर्चीत थोडे पुढे सरकून म्हणाले, "पण चूक तुझ्या एकटीची नाही. तुझी आई जे हाताने मोजत होती, शिंपी किती घट्ट मिटते, किती जड लागते, ते मी मोजायला घेतलं नाही. मला ते जमत नव्हतं, म्हणून तुला रिकाम्या शिंपल्या मोजायला लावल्या. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी वर्गात कधी शिकवलं नाही. वागलो मात्र तसाच."

निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत सोडायचा आग्रह धरला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळूहळू चालत आले. "आईला सांग," एवढंच म्हणाले.

मे महिना होता. आई मागच्या दारी कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती, हात लालभडक. मी शेजारी बसून एक-दोन फोडले.

"आये, तुझा बरोबर होता. दोन आसत."

तिने मान वर केली नाही. "सगळी दोनात बसली?"

"नाय. थोडी मधली आसत."

"ती माका ठावक होती."

मी हातातला रातांबा खाली ठेवला. ती सांगत होती, अगदी साध्या आवाजात. "काय काय माकाय कळणत नाय होती. हातात घेतलंय तरी हात सांगी नाय. ती लोकांका काय म्हणान देतलंय? ती मी घराक ठेवी. तुमी ल्हानपणापासून तीच खाल्ल्यात."

"मग सरांका, माका, कधी सांगलंस नाय?"

"तुमी दोन काय एक, ताच इचारित रवलास. तिसऱ्या वाट्याचा कोणी इचारल्यानच नाय."

मी तिची ओरोसबद्दल माफी मागितली. आमच्याकडे आईची माफी मागायची पद्धत नाही, शब्दही नीट नाही. मी 'चुकलंय' म्हटलं. ती म्हणाली, "रातांबे फोड, ऊन जाता."

त्यानंतर मी कार्यालयाला पत्र लिहिलं. बैठकीत मी केलेलं विधान माझ्या अभ्यासातून निघत नव्हतं, ते मी मागे घेते, आणि त्या बायकांचं म्हणणं नोंदवून घ्यावं, असं. साहेब केव्हाच बदलून गेले होते. महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने ते घडी करून देवाच्या फळीवर ठेवलं. तिला त्यात काय दिसलं, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सर गेले. त्याच्या पुढच्या वर्षी आई. तिला शेवटी बोलता येत नव्हतं, पण मी हात हातात दिला की बोटं हलवायची, काहीतरी निवडत असल्यासारखी. ते आजारपणाचं असेल. डॉक्टर तसंच म्हणाले.

मी अजून वर्गीकरण शिकवते. पहिल्या वर्षाला शिंपल्या लावायला देते, आणि सरांचं वाक्य सांगते. त्याच्यापुढे माझंही एक सांगते: तुम्हाला लावता न आलेल्या शिंपल्या फेकू नका, त्यांची वेगळी जागा करा आणि मला दाखवा. मुलं दाखवतात. प्रजाती असतात की आपण करतो, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. पूर्वी मी तासभर बोलायची. आता सांगते की माझे सर एक म्हणत, माझी आई दुसरं म्हणत होती, आणि दोघांनीही मला शेवटी आपल्याला काय जमलं नव्हतं ते सांगितलं.

गेल्या दोन वर्षांत खाडीच्या तोंडावर वाळू पुन्हा साचू लागली आहे. होडीवाल्यांना त्याची काळजी आहे. या मार्चमध्ये सुकतीच्या वेळी मी शेजारच्या काकींबरोबर तिथे उतरले. काकी आईबरोबर ओरोसला आलेल्या तिघींपैकी एक, आता सत्तरीच्या. तासभर वाळू उकरल्यावर सात तिसऱ्या मिळाल्या. मी एकेक हातात घेतली. घट्ट मिटतात की आळशी आहेत, जड लागतात की हलक्या, मला काहीच सांगता येईना. काकींना विचारलं.

"तुझ्या आवशीक ठावक होता," त्या म्हणाल्या. "आमी तेवा तिकाच इचारू."

मी वहीत जागा आणि तारीख लिहिली, संख्या सात, आणि पुढचा रकाना मोकळा ठेवला. तिसऱ्या होत्या तिथेच पुन्हा वाळूत पुरल्या. पाणी भरायला लागलं होतं, म्हणून काकींचा हात धरून मी त्यांना काठाकडे घेऊन आले.